सहसंबंध काढायचाय? आधी ठिपके काढा

“मॅडम, आर ०.९३ आलाय. लिहून टाकू?”

प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की असे फोन रात्री दहानंतरही येतात. माझा प्रश्न दरवर्षी तोच असतो: ठिपके काढलेस का? पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, “नाही, एक्सेलमध्ये डायरेक्ट काढला.” म्हणजे नाडी न बघताच पुडी बांधून दिली!

आर म्हणजे दोन गोष्टींमधला सहसंबंध मोजणारा आकडा, आणि हा लेख त्या फोनचं सविस्तर उत्तर आहे. कॉमर्सला असा, बीएस्सीला असा, नाहीतर एमबीएच्या प्रोजेक्टात अडकलेले असा, पायऱ्या त्याच. सोबत आलेखाचा कागद, पेन्सिल आणि वर्गमूळाचं बटण असलेला कॅल्क्युलेटर घ्या. उदाहरण शेवटपर्यंत एकच वापरणार आहे: पेठेतलं एक रसवंतीगृह, दुपारचं तापमान आणि दिवसभरात खपलेले उसाच्या रसाचे ग्लास. आकडे मी सरावासाठी बेतलेले आहेत, सरासरी पूर्णांकात यावी म्हणून. चरकाच्या घुंगरांचा आवाज तुम्ही मनातल्या मनात घाला.

हा आकडा नेमकं काय सांगतो

दोन गोष्टी बदलत असतात. एक वाढते तेव्हा दुसरीही साधारण वाढते, किंवा एक वाढते तेव्हा दुसरी उतरते. तापमान चढलं की रस जास्त खपतो, हा धन सहसंबंध. मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की भाव उतरतो, हा ऋण सहसंबंध. यात मोजायचं ते एवढंच की आलेखावरचे ठिपके एका सरळ रेषेला किती चिकटून आहेत. सगळे तंतोतंत चढत्या रेषेवर असतील तर +१, उतरत्या रेषेवर असतील तर –१, आणि सरळ रेषेचा मागमूस नसेल तर ०.

“सरळ” या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. निम्मे घोटाळे तो विसरल्यामुळे होतात.

मोजपट्टी तशी जुनी आहे. माणसाची उंची आणि त्याच्या हाताची कोपरापासूनची लांबी यांचं नातं मोजताना फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८८ मध्ये सहसंबंधाची कल्पना मांडली. आज आपण वापरतो ते सूत्र कार्ल पीअर्सन यांनी १८९६ मध्ये पक्कं केलं. म्हणून याला पीअर्सनचा सहसंबंध गुणांक म्हणतात आणि बोलताना नुसतं आर.

पायरी पहिली: जोडी कशाची?

सहसंबंध जोड्यांचा असतो. एका दिवसाचं तापमान आणि त्याच दिवशीचे ग्लास, ही एक जोडी. ऐकायला बाळबोध वाटतं, पण तापमानाचा स्तंभ चढत्या क्रमाने लावून घेतलेला आणि ग्लासांचा तारखेप्रमाणेच ठेवलेला, अशी फाइल मी स्वतः तपासली आहे. त्या बिचाऱ्याच्या जोड्या कधीच मोडल्या होत्या आणि तो निष्कर्ष लिहीत बसला होता.

आकडे गोळा करताना तीन गोष्टी आधीच ठरवा. तापमान कुठलं? शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव इथले हवामान खात्याचे आकडे एकाच दुपारी वेगवेगळे असतात, तेव्हा एक ठिकाण निवडा आणि शेवटपर्यंत तेच धरा. ग्लास म्हणजे काय? हाफ आणि फुल दोन्ही एकच मोजणार का? आणि दुकान बंद असलेल्या दिवसाचं काय? तो कप्पा रिकामा सोडायचा, शून्य लिहायचं नाही. शून्य म्हणजे दुकान उघडं होतं आणि एकही गिऱ्हाईक आलं नाही. एक्सेलला रिकामा कप्पा वगळता येतो, पण तुम्ही लिहिलेलं शून्य तो इमानेइतबारे हिशेबात घेतो.

कधीकधी जोडी त्याच दिवसाची नसते. पानशेत, वरसगाव, टेमघरच्या पाणलोटात आज पाऊस पडला तर धरणातला साठा आज रात्री, उद्या, परवा असा वाढत जातो. आजच्या पावसाची जोडी आजच्या साठ्याशी लावली तर नातं आहे त्यापेक्षा ढिलं दिसेल. अशा वेळी एक स्तंभ एक-दोन ओळी खाली सरकवून बघायचा असतो. मात्र किती सरकवायचा ते विषय समजून आधी ठरवा. आर मोठा येईपर्यंत सरकवत बसलात तर ती फसवणूक झाली, आणि फसणारे पहिले तुम्हीच.

पायरी दुसरी: ठिपके

आडव्या अक्षावर तापमान (त्याला क्ष म्हणू), उभ्या अक्षावर ग्लास (य). प्रत्येक दिवसाचा एक ठिपका. पुस्तकात याला विकीर्ण आकृती म्हणतात, वर्गात सगळे स्कॅटर म्हणतात. ठिपके एकमेकांना जोडायचे नाहीत, तो मोह आवरा.

मग हात बांधून दोन मिनिटं नुसतं बघा. ठिपक्यांचा ढग चढतोय की उतरतोय? सरळ आहे की वाकलाय? एकच ढग आहे की दोन वेगळे पुंजके? आणि कळप सोडून लांब उभा राहिलेला एखादा ठिपका आहे का?

वाकलेल्या ढगाचं घरचंच उदाहरण घ्या. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी गीझर चालतो, बिल वाढतं. एप्रिलमध्ये पंखे, कूलर, एसी, बिल पुन्हा वाढतं. अधल्यामधल्या हवेत बिल सगळ्यात कमी. तापमान आणि बिल यांचे ठिपके काढले तर वाटीसारखा आकार येईल, आणि आर येईल शून्याच्या आसपास. “तापमानाचा वीजबिलाशी संबंध नाही” असं लिहून मोकळं व्हायला तुम्हाला एक सेकंद लागेल. संबंध तर घट्ट आहे, पण वाटीचा आहे, रेषेचा नाही.

पुंजक्यांचंही तसंच. रविवारी संध्याकाळी लोक सहकुटुंब फिरायला निघतात, तेव्हा रविवारचे ठिपके वर आणि इतर वारांचे खाली असे दोन थर दिसले तर दोन्हींचा सहसंबंध वेगवेगळा काढा.

चित्राविना आकडा किती फसवतो हे फ्रँक अँस्कम यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं. त्यांनी अकरा-अकरा जोड्यांचे चार संच रचले. चारही संचांत क्षची सरासरी ९, यची ७.५ आणि आर ०.८२. एका संचाचे ठिपके नीट विस्कटलेल्या रेषेत, दुसऱ्याचे कमानीसारखे वाकलेले, तिसऱ्यात दहा ठिपके जवळजवळ काटेकोर रेषेवर आणि एक उंडारलेला, आणि चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या रांगेत आणि लांबवरचा एकटा ठिपका सगळा सहसंबंध खांद्यावर घेऊन उभा. वर्गात हे चार आलेख फळ्यावर काढले की मागच्या बाकांवरची कुजबुजसुद्धा थांबते.

पायरी तिसरी: एकदा तरी हाताने

पुढे आयुष्यभर संगणकच वापराल, पण एकदा हाताने काढलात की हा आकडा कशाने फुगतो आणि कशाने बसतो हे बोटांना कळतं. आठ दिवसांचे आकडे:

| दिवस | तापमान (अंश से.) | ग्लास | तापमानाचं विचलन | ग्लासांचं विचलन | गुणाकार |
|---|---|---|---|---|---|
| १ | ३४ | ११० | –३ | –४० | १२० |
| २ | ३५ | १३० | –२ | –२० | ४० |
| ३ | ३६ | १२५ | –१ | –२५ | २५ |
| ४ | ३६ | १५० | –१ | ० | ० |
| ५ | ३८ | १४५ | १ | –५ | –५ |
| ६ | ३८ | १७० | १ | २० | २० |
| ७ | ३९ | १७५ | २ | २५ | ५० |
| ८ | ४० | १९५ | ३ | ४५ | १३५ |

आधी सरासरी. तापमानांची बेरीज २९६, भागिले ८, म्हणजे ३७. ग्लासांची बेरीज १२००, सरासरी १५०. आता प्रत्येक आकड्यातून त्याची सरासरी वजा करा, हे विचलन. दोन्ही विचलनांच्या स्तंभांची बेरीज शून्य यायलाच हवी. नाही आली तर पुढे जाऊ नका, वजाबाकीत चूक आहे.

मग प्रत्येक ओळीतल्या दोन विचलनांचा गुणाकार. सगळ्या सूत्राचा जीव या स्तंभात आहे. आलेखावर ३७ पाशी एक उभी आणि १५० पाशी एक आडवी रेघ मारा, कागदाच्या चार खोल्या होतात. वर उजवीकडे जास्त ऊन, जास्त खप: अधिक गुणिले अधिक. खाली डावीकडे कमी ऊन, कमी खप: उणे गुणिले उणे, म्हणजे पुन्हा अधिकच. उरलेल्या दोन खोल्यांतले ठिपके उणे गुणाकार देतात. आपल्याकडे पाचवा दिवस तेवढा चुकीच्या खोलीत गेलाय, तोही उंबरठ्यावरच, आणि चौथा दिवस थेट रेघेवर बसलाय. बाकीचे सहा बरोबर खोल्यांत. म्हणून गुणाकारांची बेरीज भरघोस अधिक आली: ३८५.

पण ३८५ कशाचे? “अंश गुणिले ग्लास” असं विचित्र एकक आहे त्याचं. तापमान फॅरनहाइटमध्ये लिहिलं असतं तर हीच बेरीज ६९३ झाली असती, आणि ऊन काही वाढलं नसतं. हे एकक घालवण्यासाठी भागाकार करायचा. तापमानाच्या विचलनांचे वर्ग करून बेरीज करा: ९+४+१+१+१+१+४+९ = ३०. ग्लासांच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज: १६००+४००+६२५+०+२५+४००+६२५+२०२५ = ५७००.

आर = ३८५ ÷ √(३० × ५७००) = ३८५ ÷ √१७१००० = ३८५ ÷ ४१३.५ = ०.९३

पुस्तकात हेच सूत्र सहप्रचरण (त्या गुणाकारांची सरासरी) भागिले दोन प्रमाण विचलनांचा (विचलनांच्या वर्गांच्या सरासरीची वर्गमुळं) गुणाकार असं दिलेलं असतं. घाबरू नका, वरखाली दोन्हीकडे जोड्यांच्या संख्येने भागलेलं असतं आणि ती संख्या छाटली जाते.

तापमान एका अंशाने वाढलं तर ग्लास किती वाढतील, हे मात्र ०.९३ सांगत नाही. तो उताराचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर ३८५ ÷ ३०, म्हणजे अंशामागे साधारण १३ ग्लास. कोपऱ्यावर एक छोटा गाडा असेल, त्याचा खप रोज याच्या बरोबर एकदशांश असेल, तर त्याचा उतार एकदशांश होईल, पण आर तोच, ०.९३. घट्टपणा वेगळा, चढ वेगळा. सिंहगडाची पायवाट चढी आहे म्हणून ती सरळ असेलच असं नाही.

पायरी चौथी: संगणकावर

फार सांगण्यासारखं नाही. एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये कोरेल (CORREL) हे फंक्शन आहे. बरोबरचं चिन्ह, फंक्शनचं नाव इंग्रजीत, कंसात पहिला स्तंभ, स्वल्पविराम, दुसरा स्तंभ. दोन्ही निवडी एकाच ओळीपासून एकाच ओळीपर्यंत आहेत ना बघा. वरचे आठ दिवस टाकून ०.९३ येतोय का तपासा आणि मगच स्वतःचे आकडे घाला. तिथेच इन्सर्टमध्ये स्कॅटरचा आलेख मिळतो. लाइन चार्ट निवडू नका, तो वेगळा.

०.९३ मोठा की छोटा?

“०.३ पर्यंत कमी, ०.७ पर्यंत मध्यम, वर तीव्र” असा तक्ता गाइडमध्ये असतो. परीक्षेत लिहा, मार्क मिळतील, पण माझा त्यावर विश्वास नाही. एकाच खोलीत टांगलेल्या दोन तापमापकांच्या नोंदींत आर ०.९३ आला तर मी एक तापमापक फेकून देईन. माणसांच्या आवडीनिवडी मोजताना ०.३ आला तर मी खुर्ची पुढे ओढून बसेन. आकडा कुठल्या आखाड्यातला आहे त्यावर त्याचं वजन ठरतं.

त्यापेक्षा त्याचा वर्ग करा. ०.९३ चा वर्ग ०.८७: ग्लासांच्या चढउतारापैकी सुमारे ८७ टक्के भाग तापमानाशी सरळ रेषेत जुळतो. आर ०.५ असेल तर फक्त २५ टक्के. “पन्नास टक्के संबंध आहे” असं कुणी म्हणालं की समजावं, वर्ग करायचा राहिलाय.

दुसरा प्रश्न जोड्या किती हा. तीन-चार जोड्यांत ०.९ नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो. नातं नसताना एवढा आर योगायोगाने येण्याची शक्यता पाच टक्क्यांपेक्षा कमी हवी, ही नेहमीची पाच टक्क्यांची कसोटी. ती लावली तर आर, चिन्ह सोडून, साधारण इतका तरी मोठा हवा: ८ जोड्या असतील तर ०.७१, १० असतील तर ०.६३, २० ला ०.४४, ३० ला ०.३६ आणि १०० ला ०.२०. आपला ०.९३ हा ०.७१ च्या वर आहे, म्हणजे “काहीच नातं नाही” हे म्हणणं टिकत नाही. पण शंभर जोड्यांत ०.२१ सुद्धा ही कसोटी पास होतो, आणि त्याचा वर्ग भरतो चार टक्के! कसोटी पास झालेल्या आरला “सिग्निफिकंट” म्हणतात, पण “सिग्निफिकंट” म्हणजे “महत्त्वाचा” नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

याहून प्रामाणिक उत्तर म्हणजे पल्ला, खरं नातं ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावं तो. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांच्या पद्धतीने आपल्या आठ जोड्यांसाठी ९५ टक्क्यांचा पल्ला काढला तर तो ०.६६ ते ०.९९ असा येतो. म्हणजे खरं नातं ०.७ चं असेल किंवा ०.९८ चंही असेल, आठ दिवसांवरून याहून नेमकं बोलता येत नाही. त्यातही या कसोट्या जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालतात. लागोपाठचे दिवस तसे नसतात. उन्हाळ्याची लाट आली की चार दिवस मुक्काम ठोकते, त्यामुळे ओळीने घेतलेले आठ दिवस माहितीच्या हिशेबात आठापेक्षा कमीच भरतात. मार्च ते मे असे विखुरलेले दिवस घेतलेत तर बरं.

नववा दिवस

समजा आणखी एक दिवस आला. पारा ४१ वर, आणि खप फक्त ६० ग्लास. तो वहीत चढवा आणि पुन्हा गणित करा. आर ०.९३ वरून थेट ०.०९ वर येतो. एका ठिपक्याने आठ जणांचं मत फिरवलं.

इथे विद्यार्थी दोन गटांत विभागतात. एक गट गुपचूप ती ओळ डिलीट करतो. दुसरा गट म्हणतो, “मॅडम, संबंध नाहीच निघाला.” दोघांनीही रसवंतीवाल्या मामांना विचारलेलं नसतं. विचारलं असतं तर कळलं असतं की त्या दिवशी चरकाचा पट्टा तुटला आणि दुपारी दोन वाजताच दुकान बंद झालं. तसं असेल तर तो दिवस वगळायला सबळ कारण आहे. तो वगळा आणि वगळल्याचं लिहा. पण मामा म्हणाले, “छे, दुकान उघडंच होतं, पण एवढ्या उन्हाचं रस्त्यावर आलंच नाही कुणी,” तर? मग तो ठिपका सोन्यासारखा आहे. चाळिशीपर्यंत खप वाढतो आणि त्यापुढे लोक घरातच बसतात, असं काही असेल तर तुमची रेषा तिथे वाकते. एका दिवसावरून असं म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं, म्हणून अजून कडक उन्हाचे दिवस जमवा.

कारण सापडत नसेल तर क्रमांकांचा सहसंबंध काढून बघा. चार्ल्स स्पीअरमन यांनी तो १९०४ मध्ये मांडला. मूळ आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक घ्यायचे: सगळ्यात कमी तापमानाला १, त्यावरच्याला २. दोन दिवस सारखे असतील तर दोघांना मधला क्रमांक, जसं ३६ अंशांच्या दोन्ही दिवसांना साडेतीन. मग क्रमांकांवर तेच वरचं गणित. आपल्या पहिल्या आठ दिवसांत तो ०.९० येतो, नवव्या दिवसासकट ०.३३. म्हणजे धक्का त्यालाही बसला, पण जमीनदोस्त झाला नाही, कारण ६० ग्लास किती खाली आहेत हे त्याला दिसत नाही, सगळ्यात खाली आहेत एवढंच दिसतं. सतत चढणाऱ्या पण वाकलेल्या नात्यांना आणि “आवडलं – ठीक – नाही आवडलं” छापाच्या उत्तरांनाही हाच लावावा. वाटीसारख्या आकारापुढे मात्र तोही हतबल.

याच्या उलट खेळही होतो. आपल्या आठातले फक्त ३६ ते ३८ अंशांचे चार दिवस घ्या, आर ०.६२ वर उतरतो. नातं तेच आहे, तुम्ही बघायची खिडकी अरुंद केलीत. बारावीला नव्वदच्या वरचेच विद्यार्थी जिथे प्रवेश घेऊ शकतात, तिथे “बारावीचे मार्क आणि कॉलेजातले मार्क यांचा फारसा संबंध नाही” असं निघतं, ते बऱ्याचदा याच कारणाने.

कावळा आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, हे आपल्याकडे शाळेत शिकवलेलं असतं. तरी प्रबंधात लिहिताना “क्षमुळे य वाढतो” असं वाक्य पेनातून सुटतंच. आर फक्त गाठ मोजतो. फांदी कुणी तोडली हे शोधायचं काम तुमचं.

कांद्याचंच बघा. आवक वाढली म्हणून भाव पडला, की काल भाव चढा होता म्हणून आज शेतकऱ्यांनी गाड्या भरून पाठवल्या? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि नुसत्या आरला त्यातलं काही ठाऊक नाही. क्ष आणि य यांची अदलाबदल केली तरी आर तोच येतो. ज्याला उजवं-डावं कळत नाही तो कारण काय सांगणार?

बहुतेक वेळा मात्र पडद्याआड तिसराच कुणी असतो. समजा शाळेतल्या पहिली ते सातवीच्या मुलांची उंची आणि पाठ असलेले मनाचे श्लोक यांचा आर ०.७० आला. उंच मुलांची स्मरणशक्ती चांगली? छे! मोठी मुलं उंचही असतात आणि त्यांचं पाठांतरही जास्त झालेलं असतं. वयाचा हिस्सा वजा करायची सोपी रीत आहे. समजा उंची आणि वय यांचा आर ०.८५, आणि पाठांतर व वय यांचा ०.८०. मग

(०.७० – ०.८५ × ०.८०) ÷ √((१ – ०.८५²) × (१ – ०.८०²)) = ०.०२ ÷ ०.३१६ = ०.०६

याला आंशिक सहसंबंध म्हणतात. वय बाजूला काढलं आणि ०.७० चा ०.०६ उरला. अट एवढीच की तिसरा कोण हे तुम्हाला सुचलं पाहिजे आणि तुम्ही ते मोजलेलं पाहिजे. सूत्र स्वतःहून त्याला शोधत नाही.

काळ हा असा सगळ्यात मोठा “तिसरा”. वर्षागणिक वाढणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी घ्या, शहरातल्या दुचाकी आणि वडापावचा भाव घ्या हवं तर, आर दणदणीत येणार. उद्नी यूल यांनी १९२६ मध्ये इंग्लंडचे १८६६ ते १९११ या काळातले आकडे घेऊन दाखवलं की चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ येतो. दोन्ही उतरत होते, एवढंच. असे वर्षवार आकडे असतील तर मूळ आकड्यांऐवजी “गेल्या वर्षीपेक्षा किती बदललं” हे फरक घ्या आणि त्यांचा सहसंबंध काढा. निम्मी नाती तिथेच गळून पडतात.

सरासरींचं एक दुखणं वेगळंच. प्रभागवार सरासरी घेऊन काढलेला सहसंबंध माणसांना लावू नका. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेची १९३० ची जनगणना घेतली. राज्यवार बघितलं तर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध –०.५३ निघाला, आणि माणसागणिक बघितलं तर +०.१२. चिन्हच उलटलं! परदेशातून आलेले लोक जिथे साक्षरता जास्त अशाच राज्यांत स्थायिक झाले होते.

सिमला ऑफिसची गोष्ट

शिवाजीनगरहून जाताना कंडक्टर “सिमला ऑफिस” म्हणून ओरडतो, तेव्हा पुण्यात सिमला कुठून आलं असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, त्याची ती खूण. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव चौकाला चिकटून राहिलं.

या खात्याचे १९०४ ते १९२४ पर्यंतचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. भारतातला मोसमी पाऊस आधी ओळखता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या हवेचा दाब, तापमान, पाऊस यांचे ढिगांनी सहसंबंध काढले. संगणक नव्हता, कारकुनांची फौज होती. त्यातूनच प्रशांत महासागराच्या दोन टोकांचा हवेचा दाब झोपाळ्यासारखा वरखाली होतो हे दिसलं आणि त्याला सदर्न ऑसिलेशन हे नाव मिळालं. आज एल निनोच्या बातम्या येतात त्यामागे हेच.

मला वॉकर आवडतात ते दुसऱ्याच कारणासाठी. ढीगभर सहसंबंध काढले की त्यातला सगळ्यात मोठा निव्वळ नशिबानेही मोठा येतो, हे त्यांनी ओळखलं होतं आणि त्यासाठी कसोटी जास्त कडक लावायला हवी असं सांगितलं होतं. हिशेब करून बघा. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस गोष्टी रसाच्या खपाशी ताडून बघितल्या, तर पाच टक्क्यांची कसोटी निदान एकीने तरी योगायोगाने पास होण्याची शक्यता ६४ टक्के असते. प्रश्नावलीत चाळीस प्रश्न घालून सगळ्यांचे सगळ्यांशी सहसंबंध काढणाऱ्या आणि त्यातले कसोटी पास झालेले, लाल रंगवलेले तेवढेच लिहिणाऱ्या माझ्या एमबीएवाल्या मित्रांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी.

आणि खरं नातंसुद्धा कायमचं नसतं. १९९७ मध्ये एल निनो जबरदस्त होता, दुष्काळाची धास्ती होती, प्रत्यक्षात देशात मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये शोधनिबंध लिहून एल निनो आणि मोसमी पाऊस यांचं हे जुनं नातं अलीकडच्या दशकांत सैल झाल्याचं दाखवलं. म्हणून आर लिहिताना तो कुठल्या काळातला हेही लिहायचं.

अहवालात कसं लिहाल

नुसतं “आर = ०.९३, तीव्र धन सहसंबंध” नको. माझ्या हाताखालच्या मुलांकडून मी असं लिहून घेते:

“एप्रिलमधील नऊ दिवसांचे कमाल तापमान (शिवाजीनगर) आणि एका रसवंतीगृहातील ग्लासांची विक्री यांची तुलना केली. एका दिवशी यंत्र बिघडल्याने दुकान दुपारी बंद होते, तो दिवस वगळला आहे (तो धरल्यास आर ०.०९). उरलेल्या आठ दिवसांत विकीर्ण आकृती साधारण सरळ दिसते. आर = ०.९३, ९५ टक्के पल्ला ०.६६ ते ०.९९. दिवस थोडे आणि लागोपाठचे आहेत. शनिवार-रविवारचा परिणाम वेगळा काढलेला नाही. ३४ अंशांच्या खाली आणि ४० अंशांच्या वर हे नाते तपासलेले नाही.”

आणि या परिच्छेदाच्या वर, अर्धं पान भरेल असा, ठिपक्यांचा आलेख. नववा ठिपकाही त्यात हवा, नुसता पोकळ गोल काढून.